सत्ताविसावं वाक्य

जाम,
16 जून 2025

सरांना वर्षालीचा नमस्कार.

ओळखलं का? नत्थूजीची पोरगी. 2015 ची दहावी, दुसरा बाक, जिले तुम्ही आकाशवाणी म्हणत होते ती.

रविवारी मी तुम्हाले फोन केलता. म्हटलं, सर, मले इंग्रजी शिकवा, लई अडलं आहे. तुम्ही म्हणाले, "बरं बरं, छान छान," अन् ठेवून दिला. मी इकडे खुशीत पेढे वाटाच्या बेतात! दहा मिनिटांनी तुमच्याच घरून मंदाकाकूचा फोन आला, "बाई, त्यायले काई ऐकू आलं नाई. तू आपली पत्र लिही." म्हणून हे पत्र.

सर, मी नर्स झाली. जामले हायवेवरच्या दवाखान्यात चार वर्षांपासून काम करून राह्यली. अपघाताचे पेशंट येतात, आम्ही पट्टी-सलाइन करून नागपूरले पाठवतो. पुढं त्यायचं काय होते, मले कधी कळत नाई. मले मोठ्या दवाखान्यात, हृदयाच्या वॉर्डात काम शिकायचं आहे. नागपूरची एक एजन्सी आयर्लंडसाठी नर्स निवडून राह्यली. मार्चमध्ये मी मुलाखत दिली. कामाचं सारं बरोबर सांगितलं, पण इंग्रजीनं घात केला. मी म्हटलं, "आय हॅव गिव्हन इंजेक्शन यस्टर्डे." ऑनलाइनवरची बाई हसली. मग मी म्हटलं, "आय वर्क्ड हिअर फोर इयर्स," तं ती विचारते, मग सोडलं काऊन? मी सोडलंच नाई तं काय सांगू! झाली नापास.

आता 21 ऑगस्टले दुसरी संधी आहे, अन् तीच शेवटची. तिसऱ्यांदा बसू देत नाईत. हॅव कुठं लावायचं अन् कुठं नाई, एवढं एक माझ्या डोक्यात घाला सर. बाकी मी पाहून घेईन.

तुमची,
वर्षाली


आर्वी,
21 जून 2025

वर्षाली,

पत्र मिळालं. त्यात अकरा चुका आहेत आणि त्या मराठीतल्या आहेत. हिरव्या शाईनं खुणा करून तुझं पत्र तुलाच परत पाठवत आहे. दहा वर्षांत तुझं अक्षर सुधारलेलं नाही, हे पाहून शिक्षक म्हणून मला माझी लाज वाटली.

शिकवीन. पण पत्रानंच. दर वेळी वेगळ्या कागदावर दहा इंग्रजी वाक्यं लिहून पाठवायची, मी तपासून कागद परत करीन. मोबाईलवर हात जोडलेले, फुलं, सुप्रभात वगैरे काहीही पाठवायचं नाही. कानाचं मशीन मी घेतलं आहे, ते कपाटात आहे. ते शिट्टी मारतं आणि मंदा म्हणते की कुकर लावल्यासारखं वाटतं.

आता धडा. तुमच्या दवाखान्यात पाळी बदलताना येणाऱ्या नर्सला तू काय सांगतेस? "तीन नंबरच्या आजोबांनी गोळी घेतली आहे." म्हणजे बाई, पुन्हा देऊ नकोस. गोळी पोटात आहे, तिचं काम चालू आहे. तिथं हॅज टेकन. ती विचारते, "कधी?" तू म्हणतेस, "आठ वाजता घेतली." वेळ सांगितलीस, प्रकरण त्या वेळेला बांधलं गेलं. तिथं टुक. काल, परवा, आठ वाजता, मागच्या पोळ्याला, असं संपलेल्या वेळेचं नाव वाक्यात आलं की हॅव-हॅजला दार बंद. आपली पंचाईत अशी की मराठीत "मी कालच आलोय" खुशाल चालतं. इंग्रजाला चालत नाही. का, ते विचारू नकोस. छत्तीस वर्षं शिकवलं, मलाही कुणी सांगितलं नाही.

आणि चार वर्षं काम केलं, अजून करतेच आहेस, तर हॅव वर्क्ड. सोडलं असशील तर वर्क्ड. त्या बाईनं बरोबरच विचारलं होतं, तू उगाच तिच्यावर चिडलीस.

सोबत नमुन्याची चाळीस वाक्यं आहेत. ती समजून घे.

मधुकर गुंडावार


जाम,
6 जुलै 2025

सरांना नमस्कार.

सर, काय सांगू, डोक्यात उजेड पडला! गोळीचं उदाहरण काय दिलं तुम्ही! आता मी पाळी बदलताना मुद्दाम इंग्रजीत सांगते. माझ्यासोबतची दिपाली म्हणते, "हिले ताप भरला का पाहा." पाहू दे. बेड नंबर फाइव्ह हॅज ईटन. बेड नंबर टू वेंट होम ॲट नाइन. बरोबर ना?

अन् तुमचे चाळीसच्या चाळीस वाक्य मले पाठ झाले. बसमध्ये, भाकरी थापताना, सारखे म्हणत राह्यते. झोपेतून उठवून विचारा, कोणत्या नंबरले कोणतं वाक्य, सांगून देईन. वाचता वाचता तुमच्या घरचं सारं कळलं. आठवं वाक्य, माय वाइफ हॅज हिडन माय ग्लासेस. काकूनं खरंच चष्मा लपवला काय? अन् सत्ताविसावं, आय हॅव नॉट स्पोकन टू माय सिस्टर सिन्स 2016. सर, तुम्हाले बहीण आहे हे आम्हाले माहीतच नव्हतं. कुठं असतात त्या?

मले तुमच्या वर्गाची लई आठवण येते. बाकीचे सर तोंडी विचारत, तुम्ही मात्र सगळं फळ्यावर लिहायला लावत. बोलू नको, लिही. त्या वेळेस राग येत होता, आता त्याचाच फायदा होऊन राह्यला.

दहा वाक्य सोबत आहेत.

वर्षाली


आर्वी,
14 जुलै 2025

वर्षाली,

दहापैकी सात बरोबर. प्रगती आहे, शेफारू नकोस.

वाक्यं पाठ करायला मी सांगितलं नव्हतं. समजून घे, असं लिहिलं होतं. "समजून"च्या खाली रेघ मारायला हवी होती, माझंच चुकलं. तुम्ही पोरी-पोरं गाइड पाठ करून पास झालात, ती सवय काही सुटत नाही. नमुना म्हणजे साचा. त्यात तुझा माल घाल. तुझी आई, तुझा दवाखाना, तुझे पेशंट.

चष्मा हा माझ्या संसारातला प्रश्न आहे. बाकीचं अभ्यासक्रमाबाहेरचं आहे.

मधुकर गुंडावार


जाम,
22 ऑगस्ट 2025

सर,

आज पोळा आहे, घरी बाबाचे बैल सजून उभे असतील, अन् मी इथं खोलीत बसून तुम्हाले पत्र लिहून राह्यली. काल मुलाखत झाली. रागावू नका. आधी पूर्ण वाचा.

एजन्सीच्या ऑफिसात लॅपटॉपसमोर बसवलं. या वेळेस दुसरीच मॅडम होती, पांढरे केस, तीस वर्षं स्वतः नर्स होती. कामाचे प्रश्न मस्त गेले. हॅव वर्क्ड, डिड, वेंट, टुक, एक चूक नाई सर, देवाशपथ! मॅडम मान डोलवत होती. मग तिनं सहज विचारलं, बऱ्याच दिवसांत केलं नाई असं काहीतरी तुझ्याबद्दल सांग. अन् सर, माझं डोकं कोरं झालं. पार कोरं. तोंडातून धाडकन निघालं, "आय हॅव नॉट स्पोकन टू माय सिस्टर सिन्स 2016."

मले तं बहीणच नाई! भाऊ आहे, कैलास, तोही रोज बोलतो.

मॅडमचा चेहरा उतरला. तिनं हळूच विचारलं, "व्हाय?"

सर, चाळीस वाक्यांत त्याचं उत्तर नव्हतं. वाटलं, गेलं आयर्लंड. मग मी खरं सांगून टाकलं, की मॅडम, हे माझ्या सरांचं वाक्य आहे, मी पाठ केलं, काऊन बोलत नाईत ते मले माहीत नाई. मॅडम इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसले. मग एकदम गंभीर झाली. म्हणे, तुझं व्याकरण चांगलं आहे, पण तू पाठ करून बोलतेस. माझ्या वॉर्डात म्हातारे लोक असतात, त्यांच्या मनातलं विचारून काढावं लागतं, अन् डॉक्टरले स्वतःच्या शब्दांत सांगावं लागतं. तुझ्या सरांना विचार. 4 सप्टेंबरले मी पुन्हा बोलते, तेव्हा मले सांग, काय झालं होतं.

म्हणजे सर, माझी निवड आता तुमच्या उत्तरावर अडकली. चूक माझीच आहे, तुम्ही बजावलं होतं. तरी विचारते. तुम्ही बहिणीशी काऊन बोलत नाई?

वर्षाली


आर्वी,
26 ऑगस्ट 2025

वर्षाली,

ते उदाहरण होतं. "सिन्स" कसं वापरायचं ते दाखवण्यासाठी. व्याकरणाच्या पुस्तकात रामानं आंबा खाल्ला असं असतं, तेव्हा रामाला कुणी आंब्याचं कारण विचारत नाही.

त्या मॅडमना सांग, वडिलांच्या घराच्या वाटणीवरून भांडण झालं. सगळीकडे होतं, पटेल त्यांना. चार वाक्यं लिहून सोबत ठेवली आहेत. ही पाठ केलीस तरी चालेल.

म. गुं.


जाम,
29 ऑगस्ट 2025

सर,

तुमचा कागद परत पाठवत आहे. हिरवी शाई माझ्याकडे नाई, म्हणून पेन्सिलनं फुली मारली. पहिल्यांदाच तुमच्या कागदावर मारली.

सर, खोटं मले मराठीत नीट येत नाई, इंग्रजीत कुठून येईल? ती बाई तीस वर्षं पेशंटचे चेहरे पाहून राह्यली. अन् तुमचे चारही वाक्य असे कोरडे, की तुम्ही लिहिले असं वाटतच नाई.

तुम्हाले सांगायचं नसेल तं नका सांगू. मी मॅडमले म्हणेन, सरांना दुखते, म्हणून मी जास्त विचारलं नाई. नापास केलं तं करू दे. जामचा दवाखाना कुठं पळून नाई चालला. पण एक सांगते, रागावले तं रागावा. चाळीस वाक्य तुम्ही कुठूनही बनवू शकत होते. हे एक तुमच्या पेनातून आपोआप आलं, अन् तुम्ही ते खोडलं नाई.

तुमची,
वर्षाली


आर्वी,
1 सप्टेंबर 2025
(स्पीड पोस्टानं)

वर्षाली,

दोन दिवस तुझ्यावर संतापलो. मग मंदानं तुझं पत्र वाचलं आणि म्हणाली, "पोरीनं खोटं काय लिहिलं?" तेव्हा ऐक.

माझी धाकटी बहीण सुलोचना पुलगावला असते. तिचे यजमान ओमप्रकाशजी, तिथं त्यांचं कापडाचं दुकान होतं. फार गमत्या माणूस. 2016 च्या डिसेंबरात ते दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या गेले. सुलोचनानं पहिला फोन मला केला. मी शाळेत होतो, शिक्षकांच्या खोलीत. दोन सहकारी शेजारी पेपर तपासत होते.

मला ऐकू आलं नाही.

माझा उजवा कान त्याच्या पाच वर्षं आधीच गेला होता, डावा जायच्या मार्गावर होता. ही गोष्ट मी मंदाशिवाय कुणालाच सांगितली नव्हती. इंग्रजीचा मास्तर, उच्चार शिकवणारा, आणि बहिरा! मला वर्गातून उठवून कुठल्या तरी रजिस्टरपुढे बसवलं असतं. म्हणून तुम्हाला फळ्यावर लिहायला लावायचो. ती शिस्त नव्हती, लपवाछपवी होती. आणि फोन आला की आवाजाचा अंदाज घेऊन "बरं बरं, छान छान" म्हणायचो, जसं जूनमध्ये तुला म्हणालो. सुलोचना फोनवर काहीतरी बोलली. मी "बरं बरं, छान छान" म्हणालो आणि ठेवून दिला.

चौथ्या दिवशी तिकडचा माणूस विचारत आला, तुम्ही आले काऊन नाई? तोवर सगळं आटोपलं होतं. तेरवीला माहेरची साडी भावाच्या हातून लागते. ती घेऊन गेलो. तेच दोघे सहकारी सोबत आले होते. भरल्या मांडवात सुलोचना ओरडली, "हे गेले म्हणून सांगितलं तं बरं बरं, छान छान म्हणते! अन् आता साडी घेऊन आला?" हे मात्र मला स्वच्छ ऐकू आलं. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं, सुलू, मला ऐकू आलं नव्हतं. पण ते दोघे माझ्याकडे पाहत होते. निवृत्तीला तीन वर्षं होती. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा मी दुष्ट म्हणवून घेतलं. साडी खाटेवर ठेवली आणि निघून आलो.

निवृत्त झाल्यावर सांगता आलं असतं. पण तेव्हा वाटलं, आता इतक्या उशिरा कोण विश्वास ठेवील? दर दिवाळीला तेच वाटत गेलं.

हे सगळं साध्या भूतकाळात सांग. शी फोन्ड, ही डिड नॉट हिअर, ही केप्ट क्वाएट. तारखा आहेत, संपलेल्या वेळा आहेत, काही अडचण यायची नाही. एकाच वाक्याला हॅज लागेल. ही हॅज नेव्हर टोल्ड हर.

पाठ करू नकोस.

मधुकर


जाम,
9 सप्टेंबर 2025

सर,

मी निवडल्या गेली! जानेवारीत जायचं आहे. हृदयाचाच वॉर्ड! आईनं अख्ख्या गावाले सांगितलं, बाबा दोनदा दाढी करून आले.

पण तुम्हाले खरं सांगते, तुमचं पत्र वाचून मी स्टोअरच्या खोलीत जाऊन रडली. दहावीत आम्ही मागून तुमची नक्कल करत होतो. हाक मारली तरी सर पाहत नाईत, किती घमेंड, असं म्हणत होतो. माफ करा सर.

मॅडमले मी काही पाठ न करता सांगितलं. दोन ठिकाणी अडखळली, एकदा "ही हॅज नॉट हर्ड दॅट डे" म्हणून गेली, मीच थांबून सुधारलं. मॅडमनं चूक धरली नाई. ती ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, आता सांगितलं का त्यानं बहिणीले? मी म्हटलं, "नॉट येट." ती म्हणाली, तू नॉट येट म्हणालीस, नो नाई म्हणालीस, मग मी वाट पाहते, मले कळव.

सर, आता लहान तोंडी मोठा घास घेते. तुम्ही मले सांगितलं. मी आयर्लंडच्या बाईले सांगितलं. सातासमुद्रापार कळलं सर, अन् पुलगावले कळलं नाई. आर्वीहून पुलगाव एसटीनं एक घंटा. तुम्ही पत्र लिहाल असं मनात आणत असाल, तं नका लिहू. पत्रात तुम्ही फार छान लपता. स्वतः जा. मशीन घालून जा, शिट्टी वाजली तं वाजू द्या.

मी येऊ काय संगं? रविवारी सुट्टी आहे.

वर्षाली


आर्वी,
15 सप्टेंबर 2025

वर्षाली,

अभिनंदन. दुसरं आधी लिहायला घेतलं होतं, मंदानं दटावलं की आधी पोरीचं अभिनंदन कर. मनापासून करतो. "मी निवडल्या गेली" असं मराठीत नसतं, पण आज जाऊ दे.

तुझी सोबत नको होती. काल एकटाच गेलो. मशीन घातलं होतं. एसटीच्या खडखडाटानं डोकं उठलं म्हणून विरूळच्या पुढं काढून खिशात टाकलं आणि पुलगावला उतरल्यावर घालायचं विसरलो. दार तिनंच उघडलं. केस सगळे पांढरे झाले आहेत तिचे. मला वाटलं होतं दार लावून घेईल. नाही लावलं.

बसमध्ये चांगली तयारी केली होती, सुरुवात, मध्य, शेवट. सगळी विसरलो. म्हटलं, "सुलू, त्या दिवशी फोनवर मला एक शब्दही ऐकू आला नव्हता. मी तेव्हाच बहिरा होतो. लाजेनं सांगितलं नाही."

ती काहीतरी बोलली. ओठ हलले, मला कळलं नाही. आणि वर्षाली, सवय बघ, माझ्या तोंडात "बरं बरं" आलंसुद्धा होतं. ते गिळलं. म्हटलं, "ऐकू आलं नाही. पुन्हा बोल." अख्ख्या आयुष्यात हे वाक्य मी मंदा सोडून कुणाला म्हटलेलं नव्हतं. ती मोठ्यानं बोलली. मी म्हटलं, अजून. मग ती अशी ओरडली की समोरच्या घरातली बाई बाहेर आली, "एवढंच होतं तं नऊ वर्षं काऊन मारलं मले?"

मी उंबऱ्यापाशीच बसलो, गुडघे दुखत होते. तीही बसली. बराच वेळ दोघंही रडलो, त्याचं वर्णन करत नाही. मग मी तिला विचारलं, "त्या दिवशी तू फोनवर काय म्हणाली होतीस?" हे मला कधीच कळलं नव्हतं गं. काय झालं ते लोकांनी सांगितलं, पण ती मला काय म्हणाली, कोणत्या शब्दांत म्हणाली, ते तिच्याशिवाय कुणाला माहीत असणार?

ती आधी नाही म्हणाली. पदरानं तोंड पुसलं. मी खिशातलं मशीन काढून कानात घातलं. मग ती माझ्या डाव्या बाजूला सरकली, कानाशी तोंड आणलं आणि हळू, अगदी हळू, पण एकेक शब्द कळेल असं म्हणाली, "भाऊ, हे गेले. मले काई सुचून नाई राह्यलं. तू लवकर ये."

मी म्हटलं, "निघालो, सुलू. आलोच."

मधुकर